यादी लहान असू दे, पण खरी असू दे

अगं, आधी तो लॅपटॉप मिट आणि गरम चहा घे. फ्रॅपे या खुल्या सॉफ्टवेअरवर बांधलेल्या प्रकल्पांची डिरेक्टरी करायचं तू मनावर घेतलंस, हे ऐकून मला किती आनंद झाला म्हणून सांगू! आणि त्याच्या पाठोपाठ तुझा मेसेज आला, "ताई, शोधायला बसले तर रेपोंचा ढीग निघतोय. काही बंद पडलेत, काही नेमकं काय करतात तेच कळत नाही. मला नाही जमायचं हे." बघ, जमणार आहे. घर, नोकरी, मुलांची शाळा सांभाळून तू कोड लिहायला शिकलीस, ती काय एका यादीला घाबरणार? तू लिंका गोळा करायला बसलीस म्हणून दमलीस. तिथून सुरुवात करूच नकोस. ही डिरेक्टरी उघडून कोण बघणार आहे, तिथून सुरुवात कर.

मी कोलाडला राहते, तर इथलीच माणसं डोळ्यांपुढे आण. पेण-हमरापूरकडचा गणपतीचा कारखाना घे. ऑर्डर कुणाची, मूर्ती किती उंचीची, इसार किती आला, साच्यातून निघाली का, रंगकाम झालं का, डोळ्यांची आखणी कुणाकडे दिलीय, हे सगळं वहीत असतं. परदेशी जाणाऱ्या मूर्ती गणेशोत्सवाच्या कितीतरी महिने आधी निघतात, म्हणजे ती वही मिटायची वेळच येत नाही. इथला ट्रकमालक घे. कोकण रेल्वेची रो-रो सेवा १९९९ साली कोलाडहून सुरू झाली. ट्रक मालासकट रेल्वेवर चढतो आणि गोव्यात वेर्ण्याला उतरतो. त्या मालकाला फेऱ्या, डिझेल, ड्रायव्हरची उचल आणि रेल्वेचं भाडं एका जागी मांडून हवंय. कुंडलिकेवर राफ्टिंग चालवणारा घे. भिऱ्याच्या वीजकेंद्राकडून पाणी येतं तेव्हाच त्याचा राफ्ट निघतो, म्हणून त्याला बुकिंग पाण्याच्या वेळेशी जोडायचंय.

खरं सांगू का, या तिघांपैकी कुणी स्वतः गिटहब उघडणार नाही. उघडेल ती रोह्याची एखादी मुलगी. बीएस्सी आयटी झालेली, आणि काकांनी "आमच्या धंद्याला काहीतरी करून दे गं" म्हणून गळ घातलेली. तिच्या मनात दोनच प्रश्न असतात. असं काम आधी कुणी केलंय का? आणि केलं असेल तर ते आज चालतं का? तुझी डिरेक्टरी त्या मुलीसाठी आहे. काय घ्यायचं, काय गाळायचं असा प्रश्न पडला की तिला समोर बसव आणि विचार, "हिला याचा उपयोग होईल का?" निम्मे निर्णय तिथेच होतील.

पहिल्या पानावर तिच्यासाठी थोडक्यात ओळख लिही. फ्रॅपे ही मुंबईची कंपनी, रुषभ मेहता यांनी २००८ मध्ये सुरू केलेली. हिशेब, साठा, खरेदी-विक्री सांभाळणारं ईआरपीनेक्स्ट त्यांनी लिहिलं आणि सगळ्यांना खुलं केलं. ते लिहिताना जो पाया तयार झाला, तोच फ्रॅपे फ्रेमवर्क. पायथन आणि जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेला, मारियाडीबीवर चालणारा. त्यातली मुख्य गोष्ट म्हणजे डॉकटाइप. 'मूर्ती ऑर्डर' नावाचा एक डॉकटाइप केला, त्यात उंची, इसार, पोचवायची तारीख असे रकाने टाकले, की माहिती भरायचा फॉर्म, नोंदींची यादी, कुणी काय बघायचं याच्या परवानग्या, हे सगळं हाती येतं. एवढं वाचलं तरी त्या मुलीला कळेल की आपल्याला कोऱ्या पानापासून सुरुवात करायची नाहीये.

आता तुझी दुसरी काळजी. "अशा याद्या आधीच आहेत, मग माझी कशाला?" बरोबर आहे, आहेत. सिंद्रे सोऱ्हुस नावाच्या नॉर्वेच्या प्रोग्रॅमरने २०१४ मध्ये गिटहबवर 'ऑसम' नावाची यादी सुरू केली आणि त्या धर्तीवर जगभर विषयवार याद्या झाल्या. फ्रॅपेचीही 'ऑसम फ्रॅपे' आहे. पायथनवाल्यांचं कागदपत्रं तयार करणारं स्फिंक्स आहे ना, त्याच्या कोडसोबतच ते वापरणाऱ्या प्रकल्पांची यादी वर्षानुवर्षं ठेवलेली आहे. त्या सगळ्या बघ, त्यांच्याकडून शीक, त्यांच्या लिंका कृतज्ञतेने दे. पण तुझं काम वेगळं आहे गं. जाणकाराला एक इंग्रजी ओळ आणि लिंक पुरते. रोह्याच्या मुलीला मराठीत चार वाक्यं लागतात. हे कुठल्या धंद्याला लागू पडतं, बसवायला काय लागतं, मराठी चालतं का, अडलं तर विचारायचं कुठे. ती चार वाक्यं कुणीतरी बसून लिहायला हवीत, आणि ती तू लिहू शकतेस, कारण तुला कोडही कळतं आणि काकांच्या वहीतलं 'इसार'ही कळतं.

तू म्हणशील, हे काम यंत्र नाही का करणार? एखादी लायब्ररी कोणकोण वापरतं हे गिटहब आपोआप दाखवतं. दाखवतं, पण कसं? प्रत्येक प्रकल्प आपल्याला काय काय लागतं याची एक फाइल ठेवतो, ती वाचून. फ्रॅपेचं तसं नाही. फ्रॅपेचं नवं अ‍ॅप तयार केलंस की त्या फाइलमध्ये फ्रॅपेचं नाव असतं ते नुसत्या टिप्पणीत. फ्रॅपे 'बेंच' नावाच्या साधनाने बसवलं जातं, एवढंच तिथे लिहिलेलं असतं. टिप्पणी यंत्र मोजत नाही. म्हणून फ्रॅपेवर कोण काय बांधतंय हे यंत्राच्या आकड्यावरून कळत नाही, माणसालाच शोधावं लागतं. तू करतेयस ते काम फालतू आहे असं पुन्हा कधी वाटलं ना, तर ही गोष्ट आठव.

शोधायचं कसं, तेही सांगते. प्रत्येक फ्रॅपे अ‍ॅपमध्ये 'हुक्स डॉट पीवाय' नावाची फाइल असते. तिच्या माथ्यावर अ‍ॅपचं नाव, शीर्षक, प्रकाशक, वर्णन, ईमेल आणि लायसन्स लिहिलेलं असतं. गिटहबच्या कोड सर्चमध्ये हे नावाचे आणि प्रकाशकाचे रकाने एकत्र शोध, भराभर अ‍ॅप्स सापडतील. पण दोन गोष्टी जप. पहिली, पुष्कळ लोक दुसऱ्याच्या अ‍ॅपची प्रत काढून ठेवतात. मूळ कुठलं ते ओळखून फक्त मूळ घे. दुसरी, त्या फाइलमधला ईमेल दिसतोय म्हणून उचलून यादीत टाकू नकोस. कोडमध्ये ईमेल असणं वेगळं आणि तो सगळ्यांना फोन डायरीसारखा वाटणं वेगळं. विचारायचं ठिकाण म्हणून प्रकल्पाच्या इश्यूंच्या पानाची लिंक दे, तेवढी पुरते. कुणाला नंबर द्यायचा असेल तर तो देईल, तू मागूनसुद्धा घेऊ नकोस.

नोंद टाकण्याआधी प्रकल्पवाल्यांना एक साधा निरोप धाड. "तुमचं काम आमच्या मराठी यादीत घेतेय, वर्णन असं लिहिलंय, चुकलं असेल तर सांगा, नको असेल तर काढून टाकते." उघड्यावर ठेवलेल्या प्रकल्पाची लिंक द्यायला परवानगी लागत नाही, हे मलाही माहीत आहे. तरी विचार. त्या एका निरोपात दोन कामं होतात. वर्णनातली चूक बाहेर पडते, आणि यादीच्या मागे एक माणूस आहे हे त्यांना कळतं. पुढे व्हर्जन बदललं, पत्ता बदलला की ते आपणहून तुला सांगतात. उत्तर आलं नाही तर मन खट्टू करून घेऊ नकोस. लोक कामात असतात.

आता नोंदीत काय लिहायचं. हे तुझ्या वहीत उतरवून ठेव बघू. नाव, आणि काय करतं याचं एक मराठी वाक्य. कुठल्या कामाला लागू पडतं. कोडचा आणि इश्यूंच्या पानाचा पत्ता. फ्रॅपेच्या कुठल्या व्हर्जनवर चालतं, आणि सोबत ईआरपीनेक्स्ट लागतं का. लायसन्स. मराठी किंवा देवनागरी दिसतं का. आणि शेवटी, काम चालू आहे की थांबलंय, आणि आपण कधी तपासलं ती तारीख. बस, याच्यापुढे एकही रकाना वाढवू नकोस. रकाने वाढले की भरणारा कंटाळतो, आणि अर्धवट भरलेली नोंद वाचणाऱ्याला कोड्यात टाकते.

व्हर्जनवर मी एवढी का अडून बसतेय, ते ऐक. २०२२ मध्ये व्हर्जन १४ आलं तेव्हा ईआरपीनेक्स्टच्या पोटातलं हजेरी आणि पगाराचं काम बाहेर काढून फ्रॅपे एचआर हे वेगळं अ‍ॅप झालं. दवाखाना, शिक्षण, शेती यांचे भागही वेगळे निघाले. भारतातल्या जीएसटीचं काम इंडिया कंप्लायन्स या अ‍ॅपकडे गेलं. आता समजा एखाद्या प्रकल्पाने व्हर्जन १३ धरून शाळेचं काहीतरी लिहिलंय. आपली मुलगी नवं व्हर्जन बसवते, त्यावर हे अ‍ॅप चढवायला जाते आणि पडदाभर लाल अक्षरं. तिला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं, आपल्याला हे जमणारं नाही. एका ओळीने तिचा आठवडा वाचतो गं. "व्हर्जन १३ वर चालतं, पुढचं तपासलेलं नाही." इतकं लिही, फार झालं.

लायसन्सचंही तसंच. फ्रॅपे फ्रेमवर्क एमआयटी लायसन्सखाली आहे, ईआरपीनेक्स्ट जीपीएल ३ खाली. दोन्ही खुली, पण अटी निराळ्या. एमआयटीत मूळ सूचना आणि नाव सोबत ठेवलं की तुम्ही आपल्या कामात वापरून पुढे जाऊ शकता. जीपीएलमध्ये, बदललेलं सॉफ्टवेअर दुसऱ्याला दिलंत तर त्याचं कोडही त्याच अटींवर द्यावं लागतं. आणि ज्या रेपोत लायसन्सची फाइलच नाही? कोड सगळ्यांना दिसतंय म्हणून ते खुलं होत नाही. आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणकाचा प्रोग्रॅम साहित्यकृतीत मोजला जातो, आणि हक्क लिहिणाऱ्याकडेच राहतात. अशा प्रकल्पाला नम्रपणे लिही, "लायसन्सची फाइल टाकता का? मग यादीत घेता येईल." पुष्कळदा ती राहून गेलेली असते. लक्षात आणून दिलं की टाकतात.

चल, एक नोंद आपण दोघी मिळून लिहू. "इंडिया कंप्लायन्स. भारतातल्या जीएसटीचं काम ईआरपीनेक्स्टमध्येच करू देणारं अ‍ॅप. ई-इनव्हॉइस आणि ई-वे बिल काढता येतं, रिटर्नची तयारी करता येते. ज्यांच्याकडे जीएसटीची बिलं होतात अशा दुकानाला, कारखान्याला, वाहतूकदाराला उपयोगी. ईआरपीनेक्स्ट लागतं. लायसन्स जीपीएल ३." बाकीचे रकाने तू बसवून बघितल्यावर भर. बघ, किती सरळ आहे. धाटावच्या औद्योगिक वसाहतीत माल पुरवणाऱ्या छोट्या व्यापाऱ्यालाही वाचून कळेल. यात 'सर्वोत्तम', 'क्रांतिकारी', 'एकमेव' असा एकही शब्द नाही. तुझ्या यादीत असा शब्द दिसला तर मी फोन करून ओरडणार आहे, आधीच सांगून ठेवते.

तपासणं म्हणजे काय, हेही ठरवून टाक. रेपोचं पान उघडून बघणं याला तपासणं म्हणायचं नाही. बेंचवर एक कोरी साइट कर, अ‍ॅप त्यावर चढव, एखादी नोंद भर, ती जतन होते का बघ. एवढं झालं की तारीख टाक. प्रत्येकाचं खोलात जाऊन परीक्षण करायची गरज नाही. "बसतं आणि उघडतं" इतकं तू खात्रीने सांगितलंस, तरी ती फार मोठी सोय आहे. जे तपासायला वेळ झाला नाही, त्याच्यापुढे "अजून बसवून पाहिलेलं नाही" असं लिही. त्यात कमीपणा काही नाही. वाचणारी तुझ्यावर विश्वास ठेवते तो या अशा ओळींमुळेच.

आणि बंद पडलेल्या प्रकल्पांशी प्रेमाने वाग. कुणीतरी रात्री जागून ते लिहिलेलं असतं, मग नोकरी बदलते, घरात आजारपण येतं, काम थांबतं. 'चालू', 'संथ', 'थांबलेलं' असे तीन शब्द पुरेत. थांबलेल्यांना काढून न टाकता वेगळ्या पानावर ठेव. त्यातलं एखादं पुढे न्यायला कुणी तयार होतं. काही प्रकल्पांचं नावही बदलतं. ईआरपीनेक्स्टमधून वेगळं निघालेलं आरोग्याचं अ‍ॅप आता मार्ले या नावाने चालू आहे. जुनं नाव शोधणाऱ्याला नवं सापडावं म्हणून "पूर्वीचं नाव" तेवढं कंसात देत जा.

मला जी गोष्ट सगळ्यात मनापासून सांगायची आहे ती आता ऐक. लहान प्रकल्प सोडू नकोस. मोठ्या कंपन्यांची अ‍ॅप्स लोकांना कुठूनही सापडतात. महाडच्या कॉलेजातल्या मुलाने वसतिगृहाच्या मेसचा हिशेब बसवलाय, माणगावच्या बाईने बचतगटाची हप्त्यांची वही केलीय, अशी कामं कुणाला दिसत नाहीत. करणाऱ्यांनाही ती सांगण्यासारखी वाटत नाहीत. "माझं काय, साधंच आहे" असं म्हणणाऱ्यांत मुली जास्त असतात, हे तुला माहीत आहे. त्यांना तू हाक मार. चार डॉकटाइपचं अ‍ॅप असू दे, ते जर कुणाच्या रोजच्या कामात असेल तर त्याला यादीत हक्काची जागा आहे. रोह्याच्या मुलीला बलाढ्य अ‍ॅपपेक्षा हे चार डॉकटाइप वाचून जास्त समजेल, कारण ते एका बैठकीत वाचून होतात.

यादी थोडी नावारूपाला आली की तुझ्याकडे दुसरीच माणसं येतील. "आमचं नाव वर घ्या, आम्ही मदत करू." घाबरू नकोस, चिडूही नकोस. आत्ताच, कुणी विचारायच्या आधी, पहिल्या पानावर नियम लिहून ठेव. क्रम वर्णमालेप्रमाणे. पैसे घेऊन नोंद नाही. कोड खुलं हवं आणि लायसन्स हवं. वर्णन संपादक लिहील. मग नाही म्हणताना तुला अवघड होणार नाही. बोट दाखवायचं नियमाकडे. घरच्या माणसाचा प्रकल्प असेल तरी तोच नियम, आणि तसं असल्याचं नोंदीत उघड लिहायचं.

ठेवायची कशात, यावर तू फार डोकं शिणवतेयस. प्रत्येक प्रकल्पाची एक छोटी मजकुराची फाइल, सगळ्या एका रेपोत. त्यावरून पान तयार होतं आणि गिटहब पेजेसवर फुकट ठेवता येतं. ज्यांना पुल रिक्वेस्ट करता येते ते तशी भर घालतील. ज्यांना येत नाही त्यांच्यासाठी मोबाइलवर भरता येईल असा साधा फॉर्म ठेव, आणि आलेली माहिती तू फाइलीत टाक. पान हलकं ठेव गं. आमच्याकडे जोराचा पाऊस लागला की वीज जाते आणि मोबाइलच्या दोन काड्यांवर काम चालतं. तेवढ्यातही उघडलं पाहिजे. डिरेक्टरीच्या मजकुरालाही स्वतःचं खुलं लायसन्स दे, म्हणजे उद्या तुला वेळ नसला तरी दुसरी कुणी ते उचलून पुढे नेईल.

आणि ही यादी एकदा करून मोकळं होण्याची नाही. आपल्या हळदीकुंकवाच्या यादीसारखीच आहे ती. कोण नवीन राहायला आलं, कुणाची मुलगी सासरी गेली, कुणाचं घर बदललं, हे दर संक्रांतीला विचारूनच बोलावणं जातं ना? तसं दर तीन महिन्यांनी एक संध्याकाळ या यादीला दे. तुटलेल्या लिंका शोधायला 'लायची' नावाचं खुलं साधन आहे, ते गिटहबवर ठरल्या वेळी आपोआप चालवता येतं. एक मेख मात्र ध्यानात ठेव. सार्वजनिक रेपोत ६० दिवस काहीच हालचाल झाली नाही तर गिटहब ही ठरल्या वेळची कामं बंद करतं. म्हणजे यादी शांत पडली की तिची राखणही थांबते. म्हणून दर महिन्याला एखादी तरी नोंद ताजी करत जा.

हे ओझं एकटीने वाहायचं नाही, हेही आत्ताच ठरव. झिरोधा या शेअर दलाली कंपनीने २०२४ च्या ऑक्टोबरात खुल्या सॉफ्टवेअरसाठी वर्षाला १० लाख डॉलरचा निधी जाहीर केला, तेव्हा त्यांनी एक छान पद्धत आणली. प्रत्येक प्रकल्पाने आपली माहिती 'फंडिंग डॉट जेसन' नावाच्या फाइलीत स्वतःकडेच ठेवायची, आणि सूचीने ती तिथून वाचायची. माहिती ताजी ठेवायचं काम ज्याचं त्याच्याकडे. तूही पुढे असं करू शकतेस. अ‍ॅपवाल्यांना एक नमुना फाइल दे, ती त्यांनी आपल्या रेपोत ठेवावी, तुझी यादी तिथून उचलेल. सुरुवातीला लोक ठेवणार नाहीत, म्हणून तोवर तूच भर. पण वाट त्या दिशेची असू दे. शिवाय रेपोच्या किल्ल्या पहिल्या दिवसापासून आणखी एका मैत्रिणीकडे दे. तू आजारी पडलीस, मुलाची परीक्षा आली, तर काम अडायला नको. फॉस युनायटेड या खुल्या सॉफ्टवेअरवाल्यांच्या संस्थेच्या मुंबई-पुण्यातल्या भेटींना एकदा जा. तिथे तुझ्यासारखीच माणसं भेटतील, आणि त्यातली कुणी ना कुणी म्हणेल, "चार नोंदी मी तपासते."

"पण याने काय मोठं होणार आहे?" असं तू शेवटी विचारलंस. सांगते. मार्च २०१६ मध्ये जावास्क्रिप्टची 'लेफ्ट-पॅड' नावाची, जेमतेम ११ ओळींची लायब्ररी तिच्या लेखकाने काढून घेतली आणि जगभरातले प्रकल्प अडले. आपण तिच्यावर अवलंबून आहोत हेच कित्येकांना माहीत नव्हतं. डिसेंबर २०२१ मध्ये जावाच्या 'लॉगफोरजे' लायब्ररीत सुरक्षेची गंभीर त्रुटी सापडली, तेव्हा आपल्याकडे ती कुठे कुठे वापरलीय हे शोधण्यातच मोठमोठ्या कंपन्यांची धावपळ झाली. उद्या फ्रॅपेत सुरक्षेची मोठी दुरुस्ती आली, तर मोठ्या गिऱ्हाइकांना ती कळेल. बचतगटाची वही लिहिणाऱ्या त्या बाईला कोण सांगणार? तुझ्या यादीत तिचं नाव असेल, तिच्या इश्यूंच्या पानाची लिंक असेल, तर तू सांगशील. कोण कशावर उभं आहे हे लिहून ठेवणं, ही त्या माणसांची काळजी घेण्याची पहिली पायरी आहे. मी या कामाला इतकं मानते ते म्हणूनच.

आकड्याच्या मागे लागू नकोस. शंभर नोंदी व्हायला हव्यात असं कुणीही ठरवलेलं नाही. तपासलेल्या, मराठीत समजावलेल्या, तारीख घातलेल्या वीस नोंदी झाल्या की ती डिरेक्टरी उघड कर. पुढचं लोक घडवतील. रोज थोडं कर, मुलं झोपल्यावरचा अर्धा तास पुरे, आणि ज्या दिवशी जमणार नाही त्या दिवशी मनाला लावून न घेता झोप. तुझ्यात चिकाटी आहे, मला माहीत आहे.

तर आता ऐक माझं. आज एकच अ‍ॅप निवड, कोऱ्या साइटवर बसवून बघ, त्याची चार मराठी वाक्यं लिही, खाली तारीख घाल आणि मला पाठव. मी वाचून लगेच कळवते. उद्या दुसरं.